‘आत्ता नको’ या बटणाचा महिमा

भाचीबाई,

दुकानातल्या दोन्ही कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकू का, असं तू विचारलंस ते बरं केलंस. टाकून झाल्यावर विचारणारेच जास्त भेटतात. माझं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. ‘कधीच नको’ असं नाही, आणि दोन्ही मशीनना एकच उत्तर लागू आहे असंही नाही. डीटीपीवाल्याचं पोट विंडोजवर चालत नाही, त्या विंडोजच्या आत अडकलेल्या मराठी मॅटरवर चालतं. ते मॅटर आधी मोकळं करायचं आणि मग विंडोजचं बघायचं, एवढंच माझं म्हणणं. साताऱ्याहून पेढे पाठवता येतात, रोज उठून सांगलीला येणं काही जमत नाही, म्हणून सगळं लिहून काढलंय. उलटसुलट वाचलंस तरी चालेल. फॉन्टचं तेवढं नीट वाच.

१. पडद्यावर मोठी पाटी आली की आधी माउसवरचा हात काढ, मग वाच – घाई कंपनीला, घोर आपल्याला.

२. लाल फुली दाबली म्हणजे आपण ‘नको’ म्हटलं, असं धरून चालू नकोस – २०१६ मध्ये विंडोज १० फुकट वाटताना मायक्रोसॉफ्टने अशी पाटी लावली होती की फुली दाबून ती घालवली तरी अपग्रेडची ठरलेली वेळ तशीच राहायची. ‘नंतर’ किंवा ‘नको’ असं लिहिलेलं बटण शोध. ते बारीक अक्षरात, कोपऱ्यात असतं, पण असतं.

३. अपडेट आणि अपग्रेड यांची गल्लत करू नकोस – अपडेट म्हणजे पावसाळ्याआधी कौलं शाकारणं, अपग्रेड म्हणजे बिऱ्हाड हलवणं. पहिलं वेळच्या वेळी करावं, दुसऱ्याला मुहूर्त बघावा.

४. कुठली विंडोज आहे ते अंदाजाने सांगू नकोस, विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून इंग्रजीत ‘विनव्हर’ लिही – टेक्निशियन, शेजारचा दुकानदार आणि तुझे मिस्टर तिघं तीन उत्तरं देतील, ती खिडकी एकच देते.

५. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून घाबरू नकोस – मशीन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, सुरक्षेचे पॅच यायचे थांबतात. घरच्या, व्यक्तिगत वापराच्या मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ आहे: मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर सेटिंगचा बॅकअप ठेवलास तर फुकट, नाहीतर त्यांचे १,००० रिवॉर्ड पॉइंट, नाहीतर ३० डॉलर. धंद्याच्या मशीनसाठी वेगळी योजना आहे, ती पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. विनव्हरच्या खिडकीत ‘२२एच२’ दिसलं पाहिजे, तरच हे सगळं लागू.

६. ही मुदत आवराआवरीसाठी आहे, झोपा काढायला नाही – सांगलीत पाऊस कधी येणार ते माहीत असतं, तरी छत्री दुरुस्तीला टाकायची ती पहिल्या सरीनंतरच, अशी आपली रीत आहे. ती इथे नको.

७. मशीन मंद झालं म्हणून विंडोज बदलायला निघू नकोस, आधी जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसव आणि रॅम ८ जीबी कर – बहुतेक रडगाणं तिथेच थांबतं. जुन्या डिस्कचं जसंच्या तसं क्लोन करून घे म्हणजे विंडोज तीच, फॉन्ट तेच, मराठी टायपिंगची श्रीलिपी तीच, फक्त चहा होईपर्यंत वाट बघायची गरज नाही.

८. विंडोज ११ घ्यायचीच तर आपलं मशीन तिच्या लायकीचं आहे का ते आधी बघ: इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, टीपीएम २.०, निदान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा – यातलं नसेल आणि कुणी ‘बायपास करून टाकून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्टही म्हणत नाही.

९. अँटिव्हायरस बंद करून ‘ॲक्टिव्हेट’ करून देणाऱ्याला मशीनला हात लावू देऊ नकोस – फुकट कुलपाची दुसरी किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

आता आपल्या खऱ्या दुखण्याकडे येते. बाहेरचे लोक म्हणतात, डीटीपीवाले हट्टी, जुनं सोडत नाहीत. हट्ट नाही गं तो. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलच्या पोटात साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह. त्याला ‘क’चं रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की सगळ्या अहवालाचा इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या खुणांचा भुगा होतो. त्यात प्रत्येकाची मांडणी निराळी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम, शिवाय आकृती, कृतिदेव. एकाचं मॅटर दुसऱ्यात उघडलं तर ओळखीचं अक्षर दिसेल तर शपथ. सगळ्यांसाठी एकच मांडणी ठरवणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्टही घरात आला. पण छापखान्यांनी पानं जुळवायचा पेजमेकर सोडला नाही, आणि पेजमेकरला युनिकोडची मराठी कळत नाही. म्हणून पतसंस्थांचे अहवाल, कारखान्यांच्या सभांच्या नोटिसा, जत्रेची हँडबिलं, लग्नपत्रिका हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा छापील संसार त्या जुन्या मांडणीत कोंडून पडलाय. नवी विंडोज म्हणते ‘चला’. कुणाला घेऊन चला, हे ती विचारत नाही.

१०. श्रीलिपी-आकृतीचं लॉक म्हणजे तो डोंगल नव्या विंडोजवर चालतो का, हे आपल्याकडच्या आवृत्तीचा नंबर सांगून कंपनीला विचार आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घे – लॉक गेलं की लिपी गेली. प्रिंटर पोर्टात घालायचं जुनं जाड लॉक असेल तर विचारायचंच काम नाही, नव्या मशीनला ते भोकच नसतं.

११. डोंगल टेबलाखालच्या मशीनच्या पुढच्या पोर्टातून काढून मागच्या पोर्टात लाव – झाडू मारणाऱ्या बाईंचा पाय लागून मोडला तर विंडोज कुठलीही असो, दुकान बंद.

१२. जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरमधलं अख्खं फॉन्ट फोल्डर बाहेर नक्कल करून ठेव आणि सॉफ्टवेअरच्या सगळ्या सीडी आयएसओ करून घे – नव्या मशीनला सीडी ड्राइव्ह नसतो, आणि सीडीवरची बुरशी वाट बघत थांबत नाही.

१३. फॉन्टच्या फाइलला दुसरं नाव देऊ नकोस, ‘नवीन फॉन्ट फायनल’ तर मुळीच नको – पाच वर्षांनी पत्रिका उघडशील तेव्हा पेजमेकर जुनं नाव मागेल आणि तू आठवत बसशील.

१४. पेजमेकरच्या फायलींचा भरवसा धरू नकोस – शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची, त्यानंतर तिला कुणी वाली नाही. इनडिझाइनमध्ये त्या फायली उघडायच्या, पण सीएस६ पर्यंतच. नवं इनडिझाइन त्यांना ओळख दाखवत नाही. म्हणून दरवर्षी परत येणारं जे काम आहे, त्याची फॉन्ट आत घातलेली पीडीएफ आजच करून ठेव. अक्षर दुरुस्त करता नाही आलं तरी निदान वाचता येईल, छापता येईल.

१५. युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केल्यावर पहिल्यांदा ‘साताऱ्याच्या’ हा शब्द शोध – जिथे जोडाक्षर बिघडतं तिथे हा शब्द आधी बिघडतो. कधी तिथे रफार येऊन बसतो. कधी दिसायला अगदी बरोबर दिसतो, पण आतली मांडणी दुसऱ्याच पद्धतीची असते. मग मॅटरमध्ये शोधायला गेलीस तर निम्मे ‘साताऱ्याच्या’ सापडतात आणि निम्मे दडून बसतात. सभासदांच्या यादीत गावाची नावं शोधायची वेळ आली की कळतं. ‘सांगलीच्या’ला हा त्रास नाही, तेवढं तुमचं नशीब.

१६. मॅटरमध्ये मधेच आलेलं इंग्रजी हाताने तपास: ईमेल पत्ता, पॅन, जीएसटी नंबर, औषधाचं नाव – कन्व्हर्टरला ते मराठीच वाटतं आणि तो त्याचीही मराठी करून टाकतो. ताळेबंदाचे आकडे तर बोट ठेवून वाच, सोबत दुसरं माणूस घेऊन. आकडा चुकला तर प्रूफ कुणी पाहिलं होतं हे सचिव विचारतात, कन्व्हर्टरचं नाव कुणी घेत नाही.

१७. नवं मॅटर आजपासूनच युनिकोडमध्ये घे, मशीन जुनंच असलं तरी – विंडोज १० मध्ये इन्स्क्रिप्ट आहेच, मे २०१९ च्या अपडेटपासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी कीबोर्डही आहे. कोंडलेल्या मॅटरचा ढीग निदान वाढायचा थांबेल.

१८. नव्या मशीनवर गिऱ्हाइकाची वर्डची फाइल उघडली आणि पानं सरकलेली दिसली तर गिऱ्हाइकावर ओरडू नकोस – विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट ऐच्छिक झाले आहेत; ते नसतील तर निर्मला येऊन त्यांच्या जागी बसते आणि ओळी बदलतात. सेटिंगमध्ये ऐच्छिक फीचर्समध्ये जाऊन देवनागरीचे पुरवणी फॉन्ट टाकले की निकाल लागतो. या एका गोष्टीसाठी पाचशे रुपये घेणारे लोक आहेत.

१९. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर तुझ्या सासऱ्यांचा काळ्या पडद्यावरचा हिशेबाचा प्रोग्राम चालतो ना, त्या मशीनकडे तर बघूही नकोस – विंडोज ११ फक्त ६४ बिटची येते, आणि ६४ बिटच्या विंडोजवर जुने १६ बिटचे डॉसचे प्रोग्राम सरळ चालत नाहीत. आधी त्यातला उचलीचा आणि येणेबाकीचा सगळा तपशील कागदावर काढून घ्यावा लागेल, मग पुढचं.

२०. दुकानात जे जे कॉम्प्युटरला जोडलंय त्याची यादी कर आणि प्रत्येकाचा नव्या विंडोजचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेव – प्रिंटर आपण विकत घेतो, ड्रायव्हर कंपनीच्या मर्जीवर मिळतो. बटर पेपरवर प्रिंट काढायचा लेझर, पावत्यांचा डॉट मॅट्रिक्स आणि स्कॅनर या तिघांत स्कॅनर सगळ्यात आधी रुसतो.

२१. डिजिटल सहीचा टोकन आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र यांना यादीत वेगळी ओळ दे – ते चालत नाहीत हे कळतं ते टेंडर भरायच्या शेवटच्या तासाला, किंवा पेन्शनचा दाखला काढायला आलेले आजोबा समोर बसलेले असताना.

ही झाली वस्तूंची गोष्ट. नक्कल काढून ठेवण्याबद्दल मी जास्त बोलणार नाही असं ठरवलं होतं, पण तू सांगलीत आहेस. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ असताना. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पेठांत पाणी शिरलं. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर नेलेले वाचले, टेबलाखाली राहिले ते चिखलात गेले. पण मशीन वाचलं आणि बॅकअपची डिस्क खालच्या खणात राहिली, असंही झालंच.

२२. आधी नक्कल, मग धाडस – नवी विंडोज टाकायच्या आधी तीन प्रती कर: एक दुकानात, एक घरात वरच्या मजल्यावर, एक माझ्याकडे. कृष्णा साताऱ्याकडून सांगलीकडे जाते, तुझ्या फायली उलट येऊ देत.

२३. डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे – सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात. दर दोन दुकानांमागे एकात हा ‘बॅकअप’ मोठ्या अभिमानाने दाखवतात.

२४. प्रत काढलीस की त्यातली एक फाइल दुसऱ्याच मशीनवर उघडून बघ – न उघडून पाहिलेला बॅकअप हा नुसता दिलासा असतो.

२५. ‘अपग्रेडमध्ये फायली जात नाहीत’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर मान हलव आणि प्रत काढ – विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच खाऊन बसलं होतं. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरात दुरुस्त करून पुन्हा सोडावं लागलं.

२६. ऑगस्ट-सप्टेंबरात मशीनला बोटही लावू नकोस – सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हाव्या लागतात, आणि प्रत्येक संस्थेला आपला अहवाल आठ दिवस आधी, चार रंगांत आणि काल हवा असतो.

२७. मार्चअखेर नको, लग्नसराईत नको, महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास नको – जीएसटी भरणारे त्याच दिवसांत तुझ्या दारात उभे असतात. आता उरलेल्या दिवसांवर खुणा कर. फार उरत नाहीत, म्हणूनच ते आधी ठरवायचे.

२८. पावसाळी संध्याकाळी अपग्रेडला बसू नकोस आणि यूपीएसची बॅटरी आधी तपास – वीज जायला निमित्त लागत नाही, आणि अर्ध्यात वीज गेलेल्या अपग्रेडला जुनं घर राहत नाही, नवंही मिळत नाही.

२९. मशीन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर सेटिंगमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेव – नाहीतर दिवसाचा डेटा दुपारच्या आत विंडोज पिऊन टाकेल आणि गिऱ्हाइकाची पीडीएफ अडकून बसेल.

३०. कामाच्या गर्दीत अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, ते थांबव. पण कॅलेंडरवर परत चालू करायची तारीख लिही – थांबवलेलं विसरणं आपल्या घराण्यात आहे, तुझ्या आईला विचार.

३१. नवी विंडोज आली की लगेच पहिल्या पंगतीला बसू नकोस – पहिल्या पंगतीत पत्रावळी मिळतात, वाढपी मिळत नाहीत. विंडोज ८ ने २०१२ मध्ये स्टार्टचं बटणच काढून टाकलं, एमएस-सीआयटी करून आलेली मुलंमुलीसुद्धा मशीन बंद कसं करायचं विचारत हिंडत होती, वर्षभराने ८.१ मध्ये ते बटण परत आलं. जे वर्षभर थांबले त्यांचं काही बिघडलं नाही.

हे सगळं वाचून तू आता विंडोज ७ चं ते कोपऱ्यातलं मशीन छातीशी धरून बसशील. तसं करू नकोस. ‘आत्ता नको’ म्हणायची सवय लागली की माणूस सगळ्यालाच नको म्हणायला लागतो, आणि तिथे तो फसतो.

३२. इंटरनेटला जोडलेल्या मशीनचं सुरक्षेचं अपडेट कधीही चुकवू नकोस – मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला, आंध्र प्रदेशात पोलिसांच्या कॉम्प्युटरनाही त्याने गाठलं. त्यावरचा पॅच मार्चमध्येच येऊन पडला होता. ज्यांनी तो लावला ते वाचले, ज्यांनी ‘नंतर’ म्हटलं ते अडकले. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या व्हायरसने जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं, म्हणजे ज्या न्हावाशेव्याहून तासगावची द्राक्षं आणि बेदाणा बाहेर जातो तिथेच.

३३. विंडोज ७ च्या मशीनची इंटरनेटची वायर काढ आणि वायफायचा पासवर्ड विसरायला लाव – तिचे पॅच जानेवारी २०२० मध्ये संपले, क्रोमनेही २०२३ च्या सुरुवातीला तिचा हात सोडला. तिने श्रीलिपी आणि पेजमेकर एवढंच करावं, बँकेत जाऊ नये.

३४. त्या मशीनशी देवाणघेवाण एकाच ठरलेल्या पेन ड्राइव्हने कर, आणि तो आधी नव्या मशीनवर तपास – गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हला जुन्या मशीनच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, मग ते सरपंच असोत नाहीतर नवरदेव.

३५. बँक, यूपीआय, जीएसटी आणि आधारचं काम एकाच, ताजे पॅच असलेल्या मशीनवर कर – मॅटर जुनं चालतं, पैसा जुन्या दारातून नेऊ नये.

३६. यासाठी नवं मशीन घ्यावं लागलं तर घे, तिथे मी आडवी येणार नाही. पण चालत्या मशीनवर नवी विंडोज चढवण्यापेक्षा नवं मशीन शेजारी मांड – अहवालाचा एक मोसम दोन्ही मशीन एकदम चालव, जे काम नव्यावर अडेल ते जुन्यावर कर आणि वहीत लिही. वही आठवडाभर कोरी राहिली की जुन्याला निवृत्ती दे.

३७. अपग्रेड करून पस्तावलीस तर १० दिवसांच्या आत सेटिंगमधल्या रिकव्हरीतून मागे जाता येतं; त्या दहा दिवसांत ‘जागा मोकळी करून देतो’ म्हणणाऱ्याला ‘विंडोज.ओल्ड’ पुसू देऊ नकोस – मागे जायची वाट तीच आहे.

३८. नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने आत गेलीस की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, तेव्हा ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेव – मशीन दुरुस्तीला गेलं की नेमका तोच आकडा मागतं. आणि अकाउंट तुझ्याच नावाचं कर, टेक्निशियनच्या ईमेलवर नको. तो उद्या पुण्याला नोकरीला गेला तर आकडा त्याच्याबरोबर जाईल.

३९. वनड्राइव्ह डेस्कटॉपवरच्या फायली आपल्याकडे ओढायला लागलं तर थांबवून विचार कर – फुकटात ५ जीबी मिळतात, आणि फ्लेक्सच्या दोन-चार फायलींत ते भरतात. मग तुझी फाइल डेस्कटॉपवर दिसते, पण नेट गेलं की उघडत नाही.

४०. टास्कबार मधोमध आला म्हणून रुसू नकोस, सेटिंगमधून डावीकडे सरकव. उजव्या क्लिकचा जुना मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून क्लिक कर – सवयीच्या जागा जपल्या की हात चुकत नाही, हात चुकला नाही की प्रूफ चुकत नाही.

४१. टेक्निशियन ‘फॉरमॅट मारूया का?’ म्हणाला की आधी बावीस नंबर वाच, मग त्याला वाचायला दे – त्याला फॉरमॅट मारायला तास लागतो, तुला फॉन्ट परत गोळा करायला दिवाळी उजाडते.

रविवारी तुझे काका मिरजेला लग्नाला येतायत. त्यांच्या पिशवीत एक रिकामी हार्ड डिस्क ठेवलीय, टॉवेलात गुंडाळून, वर तुझं नाव आहे. दुपारपर्यंत पेजमेकरचं फोल्डर, फॉन्टचं फोल्डर आणि गेल्या वर्षीचे अहवाल त्यात भर, एखादी फाइल उघडून बघ आणि संध्याकाळच्या एसटीने ते परत निघतील तेव्हा त्यांच्या हातात दे. पिशवीत ठेवू नकोस, हातात दे. ते पिशवी विसरतात.

– मावशी, सातारा